दोनशे शब्दांचे चिंतन

शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधल्या येशूंच्या चरित्रावर, चिंतन करणे ही एक गोष्ट आहे आणि त्याच शुभवर्तमानावर रोज रात्री दहाच्या आत दोनशे शब्दांचे चिंतन लिहून देणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. पहिलीला श्रद्धा लागते, एकांत लागतो, कृपा लागते. दुसरीला या तिन्हींवाचून भागवावे लागते. आमच्या फादरांनी हे काम माझ्याकडे सोपवताना "तुमचे अक्षर वळणदार आहे आणि तुम्ही वेळ पाळता" अशी दोन कारणे सांगितली. माझ्या आध्यात्मिक जीवनाविषयी त्यांनी अवाक्षरही काढले नाही, याची मी तेव्हाच मनात नोंद केली. कामाचे स्वरूप वरकरणी सोपे आहे. दुसऱ्या दिवसासाठी ठरलेला शुभवर्तमानातला उतारा वाचायचा, त्यावर दोनशे शब्द लिहायचे आणि कागद फादरांच्या हाती द्यायचा. सकाळच्या मिस्सापूर्वी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपूर्वी, तो वाचला जातो आणि नंतर चर्चच्या दाराशी असलेल्या फलकावर लावला जातो, जेणेकरून ज्यांनी तो झोपेत ऐकला त्यांना तो जागेपणी वाचता यावा.

बाराव्या शतकात गीगो नावाचे, कार्थुसियन या एकांतवासी संघाचे एक मठवासी होऊन गेले. त्यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव कळते आणि ध्यान म्हणजे प्रत्यक्ष ती गोडीच, असे ते समजावतात. हे सारे मला मान्य आहे. परंतु गीगोंना रात्री दहाची मुदत नव्हती. मला घास तोंडात असतानाच तो कसा लागला हे लिहून द्यावे लागते, आणि तेही ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल अशा भाषेत.

लोकांचा असा समज असतो की वर्षभर एकदा लिहून झाले की सुटलो, पुढच्या वर्षी जुनी वही उघडायची. या समजाला थोडा आधारही आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ठरवले की उपासनेत बायबलचा खजिना भाविकांसाठी अधिक उदारपणे खुला करावा, आणि त्यानुसार १९६९ मध्ये वाचनांचा नवा क्रम प्रसिद्ध झाला. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात: चार शुभवर्तमानकारांपैकी एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. आठवड्यातल्या इतर दिवशी मात्र सामान्यकाळात (नाताळ, ईस्टर यांच्याभोवतीचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत) शुभवर्तमानाआधीचे पहिले वाचन एकाआड एक वर्षी बदलते आणि शुभवर्तमान दरवर्षी तेच राहते. म्हणजे सामान्यकाळात नवव्या सप्ताहापर्यंत मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय आणि तिथून चौतिसाव्यापर्यंत लूक, हा क्रम दरवर्षीचा. जुनी वही उघडायला यापेक्षा सोयीची व्यवस्था दुसरी नसेल. अडचण एवढीच आहे की फलकावरचा कागद उतरला की तो काढून नेऊन तारीखवार लावून ठेवणारे एक गृहस्थ आमच्याकडे आहेत. ते लेखापरीक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत आणि सगळे त्यांना ऑडिटर काका म्हणतात. त्यांच्याविषयी पुढे सांगावेच लागेल.

शिवाय शुभवर्तमानकार चार असल्यामुळे एकच प्रसंग वर्षातून अनेकदा समोर येतो. येशूंचा शिष्य पेत्र याच्या सासूचा, येशूंनी उतरवलेला ताप घ्या. तो सामान्यकाळाच्या पहिल्याच बुधवारी मार्कमध्ये उतरतो, बाराव्या सप्ताहातल्या शनिवारी मत्तयमध्ये पुन्हा चढून पुन्हा उतरतो आणि बाविसाव्या सप्ताहातल्या बुधवारी लूकमध्ये तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी ती माउली बरी होताच उठून पाहुण्यांची सेवा करू लागते, आणि प्रत्येक वेळी मला "आपणही कृपा मिळताच सेवेला लागावे" या वाक्याला नवे कपडे चढवावे लागतात. तिसऱ्या खेपेला मी हे चिंतन घरात वाचून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली, "नुकताच ताप उतरलेल्या बाईला घरभर पाहुण्यांची सरबराई करायला लावले, आणि घरात एकाही पुरुषाला उठावेसे वाटले नाही, यावर तुम्ही कधी लिहिणार?" मी लिहिले नाही. दोनशे शब्दांत ते बसणार नव्हते, असे मी तिला सांगितले.

भाकरींचे तर विचारूच नका. येशूंनी थोडक्या भाकरींत हजारोंना जेवू घातले ते पाच भाकरींचा आणि सात भाकरींचा असे दोन चमत्कार मिळून आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे), नाताळकाळ, पुनरुत्थानकाळ (ईस्टरनंतरचे आठवडे) आणि सामान्यकाळ या सगळ्यांत हजेरी लावतात. पुनरुत्थानकाळात योहानाचा सहावा अध्याय एका शुक्रवारी सुरू होतो आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत, मधला रविवार वगळला तर, रोज थोडाथोडा वाढला जातो. जीवनाची भाकर हा विषय थोर आहे, अथांग आहे. पण गुरुवारपर्यंत माझ्याकडचे सगळे शब्द संपलेले असतात आणि पीठ, खमीर, भट्टी, भूक यांपैकी काहीही शिल्लक उरलेले नसते. शेवटच्या शनिवारी शिष्य कुरकुरतात की हे वचन कठीण आहे, हे कोण ऐकून घेऊ शकेल. त्या दिवशीचे चिंतन माझ्या हातून फार मनापासून उतरते.

चिंतन लिहिण्याची एक रूढ पद्धत आहे आणि ती शिकायला दोन आठवडेसुद्धा लागत नाहीत. शुभवर्तमानात जी वस्तू येईल तिच्यापुढे "आपल्या जीवनातील" हे शब्द जोडायचे. नाव आली की आपल्या जीवनाची नाव, वादळ आले की आपल्या जीवनातील वादळे, आंधळा आला की आपल्या अंतःकरणाचे आंधळेपण, दगड आला की तो आपण दूर सारायचा. शब्दसंख्या एकशेऐंशीच्या आसपास पोहोचली की वाचकाला एक प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तराची जबाबदारी त्याच्यावर टाकून आपण झोपायला जायचे. घरकामात राबणारी मार्था आणि येशूंचे ऐकत बसणारी मरिया यांची कथा असेल तर आपण मार्था आहोत की मरिया. उधळ्या पुत्राची असेल तर आपण धाकटा मुलगा की थोरला. या पद्धतीने बरीच वर्षे सुखाने काढता येतात. मार्कच्या चौथ्या अध्यायात मात्र माझी गाडी दरवर्षी अडते. समुद्रावर वादळ उठले आहे, नाव पाण्याने भरत चालली आहे आणि येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपी गेले आहेत. नावेचा अर्थ लागतो, वादळाचा लागतो, झोपेचाही लागतो. पण त्या उशीचे काय करायचे? आपल्या जीवनातील उशी कोणती? ती मऊ होती की भिजलेली? मत्तय आणि लूक यांनी हाच प्रसंग सांगताना उशी गाळली आहे, आणि त्यांची अडचण मी समजू शकतो. मार्कने मात्र ती ठेवली. कुणीतरी ती पाहिली होती आणि सांगताना त्याला ती वगळवेना, यापलीकडे तिथे असण्याचे तिला काही कारण दिसत नाही.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात असे तपशील पाहायलाच सांगितले आहे. ख्रिस्तजन्मावर मनन करताना बेथलेहेमचा रस्ता किती लांब होता, किती रुंद होता, सपाट होता की चढउतारांचा, आणि ती गुहा केवढी होती, हे सारे कल्पनेने पाहावे, असे ते म्हणतात. मी रात्री साडेनऊला हा प्रयोग करून पाहतो. रस्त्याची लांबी ठरेपर्यंत पावणेदहा होतात. आमच्याकडे ही साधना खऱ्या अर्थाने जमलेली एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे ऑडिटर काका. त्यांनी इग्नेशियसचे नाव ऐकले असेल, पण साधना त्यांच्या व्यवसायातून आपोआप आली आहे.

चौथ्या सप्ताहातल्या सोमवारी मार्कमध्ये भूतग्रस्ताची कथा येते. येशूंनी त्याच्यातून काढलेली अशुद्ध आत्म्यांची सेना डुकरांच्या कळपात शिरते आणि कळप कड्यावरून धावत जाऊन समुद्रात बुडतो. मी लिहिले होते की आपणही आपल्या जीवनातील डुकरे समुद्रात सोडून द्यायला तयार आहोत का. मिस्सा संपल्यावर काका फलकापाशी थांबले होते. "लेख चांगला आहे," ते म्हणाले, "पण मार्कने डुकरांचा आकडा दिला आहे. सुमारे दोन हजार. हे नुकसान कुणाच्या खाती पडले?" मी म्हणालो, "काका, इथे मुद्दा त्या माणसाच्या मुक्तीचा आहे." "तो मला मान्यच आहे," ते शांतपणे म्हणाले, "एका माणसाची किंमत दोन हजार डुकरांहून जास्त. पण ज्यांची डुकरे गेली ते येशूंना गावाबाहेर जायला सांगतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही सांगितले असते. तुम्ही त्या बाजूने काही लिहिले नाही." मला हे मान्य करावे लागेल की माझ्या दोनशे शब्दांपेक्षा त्यांच्या या दोन वाक्यांत शुभवर्तमान अधिक होते. फलकावर मात्र माझेच दोनशे शब्द राहिले.

प्रश्नाने शेवट करण्याची माझी सोयही काकांनीच मोडीत काढली. पेरणाऱ्याच्या दाखल्याच्या दिवशी मी प्रघाताप्रमाणे विचारले होते की वाट, खडक, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन यांपैकी आपण कोणत्या प्रकारची जमीन आहोत. संध्याकाळी ते घरी आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "खडकाळ. पुढे काय करायचे?" आजवर कुणीही उत्तर दिले नव्हते, त्यामुळे पुढचा भाग मी तयार ठेवलेला नव्हता.

डिसेंबरच्या १७ तारखेची मी धास्ती घेऊन असतो, कारण त्या दिवशी मत्तयमधली येशूंची वंशावळ येते. वाचन करणारा जरुब्बाबेल आणि अम्मीनादाब यांना अडखळत ओलांडतो, चिंतन लिहिणारा तामार, राहाब, रूथ, उरियाची पत्नी आणि येशूंची आई मरिया या पाच स्त्रियांवर लिहितो, आणि सगळे सुखरूप घरी जातात. मत्तय शेवटी बेरीज देतो: अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, तिथून बाबेलच्या हद्दपारीपर्यंत चौदा आणि तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. काकांनी बोटांवर मोजले. शेवटच्या गटात तेराच नावे निघतात. बायबलच्या अभ्यासकांना ही गोष्ट ठाऊक आहे आणि वंशावळीतल्या यखन्या राजाला दोनदा मोजणे वगैरे उपायही त्यांनी सुचवले आहेत. परंतु मत्तयसारखा जकातदार बेरजेत घोटाळा करतो हे कळल्यापासून काकांना त्याच्याविषयी विलक्षण जिव्हाळा वाटू लागला आहे. योहानाचाही ते आदर करतात, कारण पुनरुत्थानाच्या आठवड्यातल्या शुक्रवारी जाळ्यात नेमके १५३ मोठे मासे सापडतात. प्रभू किनाऱ्यावर उभे आहेत, कोळशाचा विस्तव पेटला आहे आणि अशा वेळीसुद्धा शिष्यांपैकी कुणीतरी मासे मोजत बसले, याचा त्यांना आपल्या पेशाचा सन्मान म्हणून अभिमान आहे.

आता लांबीचा प्रश्न. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जूनमध्ये धर्मगुरूंना सांगितले की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, कारण त्यानंतर लक्ष उडते आणि लोकांना झोप येते. फादरांनी ही बातमी मला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली, जणू काही ती माझ्याविषयीच होती. अकराव्या सप्ताहातल्या गुरुवारी येणारे वाचन तर खरोखरच माझ्याविषयी आहे: प्रार्थना करताना व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजू नका. लगेच पुढे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना येते आणि काही ओळींत सारे संपते. त्या दिवशी मिताक्षरी राहण्याचे महत्त्व पटवून देण्यासाठी मला दोनशे सव्वीस शब्द लागले, आणि फादरांनी ते न कापता वाचले. मला वाटते, त्यांनी ते मुद्दाम केले.

या आठवड्यात लूकचा सोळावा अध्याय चालू आहे. लबाड कारभारी मालकाच्या ऋणकऱ्यांना बोलावतो, शंभर बुधले तेलाच्या जागी पन्नास लिहायला लावतो, शंभर खंड्या गव्हाच्या जागी ऐंशी, आणि मालक त्याच्या हुशारीची वाहवा करतो. ही कथा समजावताना चिंतने लिहिणाऱ्यांचा नेहमीच घाम निघत आला आहे, कारण इथे "आपल्या जीवनातील" हे शब्द कशापुढेही जोडले तरी त्यातून गुन्हाच तयार होतो. मी सावधपणे लिहिले की येशू इथे लबाडीचे कौतुक करत नसून दूरदृष्टीचे करत आहेत. आज सकाळी काका पहिल्या बाकावर होते, चष्मा पुसून बसलेले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "तेलावर निम्मी सूट आणि गव्हावर पाचवा हिस्साच, असा फरक का? आणि खाडाखोड ऋणकऱ्याच्या हस्ताक्षरात करून घेतली, स्वतःच्या नाही, हे तुमच्या लक्षात आले का? मी हयातभर अशी माणसे पकडली आहेत. हा मला सापडला नसता." एवढे बोलून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग, एखाद्या तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविषयी बोलावे तसे, म्हणाले, "वाहवा करायलाच हवी."

उद्या शनिवार आहे आणि वाचन त्याच अध्यायाचा पुढचा भाग आहे. अन्यायी धनाने मित्र जोडा, थोडक्याविषयी विश्वासू राहा, देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही, असे येशू सांगतात आणि धनाचे लोभी परुशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक) हे सारे ऐकून त्यांची थट्टा करू लागतात. माझे एकशेऐंशी शब्द झाले आहेत, साडेनऊ वाजून गेले आहेत, आणि काकांनी निघताना विचारून ठेवले आहे की परुशांना हसू नेमके कोणत्या वाक्याला फुटले.