ओळख दाखवू नका

वर्षअखेरीला गर्दीपासून लांब, एखाद्या छोट्या बेटावर जायचं तुमच्या मनात आहे ना? मग अर्ध्या तासाच्या बोटीवर समाधान मानू नका. थेट दक्षिण अटलांटिकमधलं त्रिस्तान द कुन्हा हे ब्रिटिश बेट गाठा. तिथे विमानतळ नाही. केप टाउनहून जहाजाला साधारण आठवडा लागतो, आणि पाय ठेवायला बेटाच्या कौन्सिलची परवानगी आधीच काढावी लागते. ती खिशात असूनही समुद्र खवळलेला असला, तर समोरचं गाव नुसतं बघत जहाजावर बसायचं. एकांताची पूर्ण हमी. फक्त तो उतरायच्या आधी मिळतो.

उतरल्यावर विसरा. वस्ती अडीचशेच्या आत, गाव एकच, आडनावं हातापायांच्या बोटांवर सहज मावतील इतकी. तुम्ही मुक्कामी पोचायच्या आत वाटेत तुम्हाला किती उलट्या झाल्या, हे शेवटच्या घरापर्यंत पोचलेलं असेल.

आता मुख्य कार्यक्रम. ३१ डिसेंबरला तिथे ‘ओकालोलीज’ निघतात. तरुण मुलं भेसूर मुखवटे आणि चित्रविचित्र कपडे चढवून घरोघर फिरतात, लोकांच्या मागे लागतात, विशेषतः बायका-मुलींना घाबरवतात. ब्रिटिश प्रशासकाचं घरसुद्धा सुटत नाही. वेषांतराचा हेतू हा, की आत कोण आहे ते कळू नये.

जरा हिशेब करा. अडीचशे माणसं, त्यांतून म्हातारेकोतारे, बायका, पोरंटोरं वजा करा. उरलेल्यांत फेंगडं कोण चालतं, खांदा पाडून कोण धावतं, हे तिथल्या कुत्र्यांनाही पाठ असणार. म्हणून तुम्हाला कळकळीची सूचना: घाबरा. किंचाळण्याचा सराव घरूनच करून जा. ‘अहो, तुम्ही काल बटाटे दिलेत ना?’ असं चुकूनही विचारू नका. मुखवट्याखालून ओळखीचा खोकला आला तर तुम्हीही खोका. सख्खी आई जिथे पोराला न ओळखता दार लावून घेते, तिथे चार दिवसांच्या पाहुण्यानं हुशारी दाखवणं शोभत नाही. वर्षभर ज्यांचं एकमेकांपासून काहीच लपत नाही, त्यांना एक रात्र अनोळखी राहू द्या की!

एवढा प्रवास झेपत नसेल तर दुसरी बेटं आहेत. नववर्ष दोनदा साजरं करायची खाज असेल तर प्रशांत महासागरातल्या सामोआला जा. २०११ साली त्यांनी ३० डिसेंबर हा दिवस कॅलेंडरातून सरळ उडवला आणि ते वाररेषेच्या पलीकडे गेले. शेजारचं अमेरिकन सामोआ रेषेच्या अलीकडेच, म्हणजे एक दिवस मागे राहिलं. त्यामुळे इथे बाराच्या ठोक्याला गळाभेटी घ्या, झोप काढा, छोट्या विमानानं तिकडे जा आणि पुन्हा त्याच उत्साहानं त्याच वर्षाचं स्वागत करा. उत्साह उरला नसेल तर तो वाररेषेचा दोष नाही.

पण तुमचे संकल्प पहिल्या आठवड्यातच मोडत असतील, तर स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांमधलं फौला तुमच्यासाठीच आहे. जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या हिशेबानं तिथे नवं वर्ष १३ जानेवारीला साजरं होतं. मोडलेला संकल्प घेऊन जा आणि कोरा करकरीत घेऊन या. फक्त तो मोठ्यानं बोलू नका. काही डझन माणसांच्या त्या बेटावर ‘सिगारेट सोडली’ असं जाहीर केलंत, तर पुढची ओढायला आडोसा कुठला शोधणार? झाडंही जवळजवळ नाहीत.