पगाराला पैसे द्या

डिसेंबर लागला की मला फोन यायला लागतात. न्यू जर्सीहून, दुबईहून, लंडनहून. शिरपूर, चोपडा, अमळनेरकडची मुलं, आता चाळिशी-पन्नाशीला आलेली. "ताई, यंदा गावाकडे काहीतरी करायचंय. शाळेला, नाहीतर दवाखान्याला. काय देऊ?" विचारणं मनापासून असतं आणि अशा प्रत्येक फोनचा मला आनंद होतो. पण माझं उत्तर ऐकलं की समोरचा जरा वेळ गप्प होतो. मी म्हणते, एका नर्सचा पगार द्या. आणि पाच वर्षं द्या.

"पगार नको हो ताई. काहीतरी दिसेल असं सांगा ना."

दिसेल असं म्हणजे वॉटर फिल्टर, टॅब्लेट, बेंच, रुग्णवाहिका, भिंतीवर नावाची पाटी. परदेशी फाउंडेशनांचेही फॉर्म असेच असतात. वस्तूंना मोठा रकाना, माणसांना छोटा. मी शहाद्याला राहते, सातपुड्यातल्या पाड्यांवर आरोग्य आणि शिक्षणाचं काम करणाऱ्या लोकांचे हिशेब आणि प्रस्ताव बघते. त्यामुळे हे एकदा नीट लिहावंसं वाटलं. पोस्ट लांब आहे, पण तुम्ही देणारे असाल तर शेवटपर्यंत वाचा.

धडगावकडच्या एका खोलीवजा दवाखान्यात रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं मीटर आहे. चांगल्या कंपनीचं, एका देणगीदाराने दिलेलं, डब्यात नीट ठेवलेलं. त्याच्या स्ट्रिपा संपल्यापासून ते डब्यातच आहे. मीटर एकदा घ्यायचं असतं, स्ट्रिपा दर महिन्याला लागतात, आणि दर महिन्याच्या खर्चाला कुणी तयार नसतं. आमच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. एखादी वसतिगृहातली मुलगी फिकट दिसली तर ते लोह कमी आहे म्हणून की सिकलसेलमुळे, हे बघावं लागतं. नुसत्या लाल गोळ्या वाटून भागत नाही. त्यासाठी तपासणी लागते, तिचा निकाल घेऊन पाड्यावर परत जाणारं माणूस लागतं, आणि त्या मुलीच्या आईला तिच्या भाषेत समजावणारं माणूस लागतं.

आता मार्च महिन्याबद्दल सांगते, कारण देणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही.

दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोली, नवसारी, सुरतकडे. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे न जाऊन चालत नाही. लहान मुलं बरोबर जातात, उसाच्या फडाजवळच्या पडावावर राहतात. आई पहाटे फडात जाते आणि सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. शाळा सुटते ती सुटतेच. मग होळी येते. सातपुड्यात होळीइतका मोठा सण नाही, काठी गावची राजवाडी होळी तर लांबलांबून लोक बघायला येतात. होळीला माणूस कुठेही असो, पाड्यावर परततो.

म्हणजे वर्षातले हे थोडे दिवस असे असतात की सगळी मुलं एकाच वेळी गावात सापडतात. तेव्हा आमची कार्यकर्ती दारोदार जाते. मुलाला आईच्या मांडीवर बसवते, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाला पट्टी गुंडाळते, टोक खाचेतून ओढते. हिरवा, पिवळा, लाल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. काही मुलं दिवाळीला हिरव्यात असतात आणि होळीला लालमध्ये येतात. आईला ते माहीत असतंच. ती पट्टीकडे बघत नाही, कार्यकर्तीच्या तोंडाकडे बघते.

आणि नेमकं 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. अनुदान संपतं, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे खर्चले याचा दाखला, पाठवायचं असतं, नवीन मंजुरी यायची असते. ज्या पंधरा-वीस दिवसांत कार्यकर्तीने पाड्यावर असायला हवं, त्यात ती तालुक्याच्या गावी बसून बिलं चिकटवत असते. पुष्कळदा तिची नेमणूकच 31 मार्चपर्यंतची असते. एप्रिल-मे बिनपगारी. जूनमध्ये पैसे आले तोवर ती कुठल्या तरी दुकानात लागलेली असते, आणि तिच्या जागी नवी मुलगी येते जिला कोणत्या घरातलं कोणतं मूल लाल होतं हे माहीत नसतं. हे दर वर्षी होतं. मला याचा राग येतो, आणि तो कुणा एका देणगीदारावर नाही, एकेका वर्षाने पैसे द्यायच्या पद्धतीवर आहे.

मला नेहमी विचारतात, "आमच्या शंभर रुपयांतले किती मुलांपर्यंत पोहोचतात?" अरे बाबा, पोहोचवणारी तीच आहे. तिचा पगार बाजूला काढून तुम्ही पोहोच कशी मोजणार?

बांगलादेशचं उदाहरण देते. 1972 साली फझले हसन आबेद यांनी सुरू केलेली ब्रॅक ही संस्था. 1980 ते 1990 या दहा वर्षांत या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या आणि जुलाब झालेल्या मुलाला मीठ, गूळ आणि पाण्याचं मिश्रण कसं द्यायचं ते आयांना शिकवलं. पाकीट वाटलं नाही, चिमूट आणि मूठ शिकवली. सुमारे 1 कोटी 20 लाख घरं. नंतर दुसरे लोक जाऊन काही घरांत विचारत, आईला काय काय आठवतंय, आणि त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरे. यातला बराचसा पैसा परदेशी देणगीदारांचा होता, आणि त्यातला मोठा वाटा गेला चालणाऱ्या बायकांच्या पगारावर. त्यांना दाखवायला एकही इमारत मिळाली नसेल.

शाळेचंही तसंच. नर्मदाकाठच्या जीवनशाळा, म्हणजे तिथल्या आदिवासी मुलांच्या शाळा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहेत. सरदार सरोवराच्या पाण्यात त्यांच्या झोपड्या बुडाल्या, वर सरकून पुन्हा उभ्या राहिल्या. कुडाच्या भिंती परत बांधता येतात. पहिलीतल्या पोराशी पावरी-भिलोरीत बोलून मराठीकडे आणणारा त्याच डोंगरातला तरुण शिक्षक एकदा सुरतेच्या कारखान्यात गेला की परत मिळत नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? अमळनेरला प्रतापशेठांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेव्हा तिथे येणाऱ्या अभ्यासकांना शिष्यवृत्ती दिली. त्या शिष्यवृत्तीवर आलेल्यांत पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण होता. तो पुढे तिथल्याच हायस्कुलात शिक्षक झाला, वसतिगृह सांभाळू लागला, आणि महाराष्ट्राला साने गुरुजी मिळाले. एका खान्देशी गिरणीमालकाला शंभर वर्षांपूर्वी माणसावर पैसा लावायचं कळत होतं.

आता कायद्याचं थोडं, कारण त्याची भीती घालून बरेच जण मागे सरतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपर्यंतच करता येतो, आधी ही मर्यादा 50 टक्के होती. पण शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार या प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, तो कामाचाच खर्च असतो. नियमात तसं स्पष्ट आहे. खरी अडचण दुसरी आहे. परदेशी पैसा घेतलेल्या संस्थेला तो आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांकडून आमच्याकडच्या छोट्यांना काही यायचं, ते बंद झालं. म्हणून तुम्ही परदेशात असाल आणि भारतीय नागरिक असाल, तर हे लक्षात ठेवा. तुमच्या स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचा ठरतो, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्यांनी एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावा, आणि तो आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो.

स्वयंसेवकांबद्दलही मन मोकळं करते. दोन आठवड्यांसाठी येणारी परदेशी मुलं चांगली असतात, मेहनती असतात, आमची भाकरी-चटणी आवडीने खातात. पण त्यांच्यामागे आमची नर्स दोन आठवडे दुभाषी होते. इंग्रजीतून मराठी, मराठीतून पावरी, आणि उलट. तेवढे दिवस तिचे स्वतःचे पाडे राहून जातात. बॅगेत औषधं घेऊन येणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाच आहेत की दान म्हणून येणाऱ्या औषधाची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष बाकी हवी. संपत आलेलं औषध इथे आणून आमच्या हातात कचरा देऊ नका.

याउलट जळगावकडची एक बालरोगतज्ज्ञ, आता परदेशात असते. पहिल्यांदा आली तेव्हा तिने एकही मूल तपासलं नाही. आमच्या नर्सना समोर बसवून, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास कसा द्यायचा, ते बाहुलीवर करून घेतलं. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसतोय का, छाती वर येतेय का, पुन्हा पुन्हा. परत गेल्यावरही ती दर महिन्याला व्हिडिओ कॉलवर तेच घोटून घेते. नेटवर्क गेलं तर नर्स मुली फोन घेऊन टेकडीवर चढतात. असा स्वयंसेवक मिळाला तर आम्ही त्याला जन्मभर सोडणार नाही.

आणि परदेशी मदतीवरच सगळं टांगून ठेवलं की काय होतं, ते 2025 ने दाखवलं. 20 जानेवारीला अमेरिकेत परकीय मदत 90 दिवस थांबवायचा आदेश निघाला, 1 जुलैला युसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचं काम अधिकृतपणे संपलं. आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी औषधं आणि धान्य गोदामांत पडून राहिलं, कारण ते नेणाऱ्यांनाच घरी बसवलं होतं. म्हणून मी एका मोठ्या देणगीदारापेक्षा पंचवीस छोट्यांच्या मागे लागते, आणि त्यातले निम्मे तरी इथलेच, नंदुरबार-धुळे-जळगावचेच असावेत असा माझा हट्ट आहे. केळीचा, कापसाचा, सोन्याचा पैसा आहे आपल्याकडे. लग्नात किती खर्च होतो ते आपण सगळे बघतो.

सध्या धडगावकडच्या एका नर्सच्या पगाराची जुळवाजुळव चालू आहे. पाच वर्षांची, एप्रिल-मे धरून, वर्षाला वाढ धरून, स्ट्रिपा आणि गाडीच्या डिझेलसकट. एकट्याला झेपत नसेल तर शाळेतल्या बॅचच्या ग्रुपवर टाका, दहा जण मिळून महिन्याचं वाटून घ्या. पाटी लागणार नाही. दर तीन महिन्यांनी किती मुलं लालमधून बाहेर आली आणि किती आली नाहीत, ते दोन्ही आकडे मी स्वतः पाठवीन. सुट्टीत गावी येणार असाल तर होळीच्या सुमाराला या आणि तिच्याबरोबर एक दिवस पाडे फिरा. गाडी शहाद्याहून सकाळी सहाला निघते, मेसेज करा म्हणजे जागा ठेवते.