‘साठीनंतर बायकांनी वजन उचलू नये’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

हा मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. साठीनंतर महिलांनी वजन उचलू नये, जिने चढू नयेत, खाली वाकू नये, गुडघ्यातलं ग्रीस जपून वापरा, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, प्रोटीन कमी करा, किडनीला जड जातं, आपल्या आज्या कुठे जिमला जायच्या, आणि खाली ‘दहा जणींना पाठवा’.

माझ्या आईला तो मावशीने पाठवला. आई ६७ ची. गेल्या वर्षी डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा) उणे २.७ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, हाडं विरळ आणि ठिसूळ झालेली, आणि मांड्या इतक्या उतरलेल्या की सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकायची, मग एक झोका घ्यायची, मग उठायची. चार महिने फिजिओकडे जाऊन कुठे हात न टेकता उठायला लागली होती. मागच्या आठवड्यात गेले तर दोन्ही डंबेल्स पलंगाखाली, चपलांच्या खोक्यामागे. ‘अगं मावशीने पाठवलंय, डॉक्टरांनीच लिहिलंय म्हणे.’ कुठले डॉक्टर? नाव नाही, गाव नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

आधी वजनाचंच, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतंय. हाड म्हणजे घासून संपणारा साबण नाही. ते जिवंत असतं, रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं, आणि कुठे बांधायचं हे त्याला कळतं त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, मोडण्याचा वेग बांधण्यापेक्षा वाढतो, आणि त्यात तुम्ही भारही काढून घेतला तर बांधायला कारणच उरत नाही. स्नायूंचं तर सरळच आहे, वापरले नाहीत की जातात.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ युनिव्हर्सिटीने लिफ्टमोर नावाचा अभ्यास केला, २०१८ साली छापून आला. १०१ बायका, सगळ्यांची पाळी गेलेली, सगळ्यांची हाडं आधीच विरळ झालेली, सरासरी वय ६५. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, ट्रेनर समोर उभा राहून डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं), स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठबस), डोक्यावर वजन ढकलणं, वरून उडी मारून उतरणं, आणि वजन हलकं नाही हं, एका वेळी जेमतेम पाचदा उचलता येईल इतकं जड. पहिला महिना फक्त पद्धत शिकण्यात. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम, आपल्याकडे सांगतात तसाच. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. आणि मोडलं कोणाचं काय? कोणाचंच नाही. एकीच्या कमरेत उसण भरली, तेवढंच. हे वाचून उद्या कोणी एकटीने घरी सिलिंडर उचलू नका, शिकवणारं माणूस समोर हवंच. पण ‘उचलूच नका’ हा सल्ला सरळ उलटा आहे.

वाकण्याचं मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. मणके ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं, पाय सरळ ठेवून बोटं धरणं, झटक्यात भरलेली बादली उचलणं, हे नकोच. पण त्यावर उपाय म्हणजे पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायला शिकणं, वाकणंच सोडून देणं नाही. नाहीतर खाली पडलेली वाटी कोण उचलणार?

आता चुना. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. चुन्यात निम्म्याहून थोडं जास्त कॅल्शियम, म्हणजे झाले वीस-बावीस मिलिग्रॅम, तेही चुना कोरडा धरला तर, पानवाल्याकडच्या ओल्या चुन्यात त्याहून कमी. दिवसाची गरज हजार मिलिग्रॅम किंवा वरच. एक कप दुधात किंवा दह्यात दोनशेच्या वर मिळतं, नाचणीच्या एका भाकरीत दीडशेच्या आसपास. एवढ्याशासाठी भाजणारा क्षार रोज पोटात घालायचा? आणि ‘थोडा जास्त घेतला तर लवकर गुण येईल’ असं म्हणणाऱ्या बायका मी आमच्याच सोसायटीत पाहिल्यात, म्हणून राग येतो.

गुडघ्यात ग्रीस नसतं. सांध्यात द्रव असतो आणि कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांधा हलल्याने, दाबल्याने, सोडल्याने. मांडी मजबूत तर गुडघ्यावरचा ताण कमी.

प्रोटीन: किडनीचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारूनच, ठीक. बाकीच्यांना म्हातारपणी उलट जास्त लागतं, वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम. आईचं ताट मी मोजलं. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, रात्री मऊ खिचडी. चाळीससुद्धा होत नव्हतं, हवं साठ. आता सकाळी एक अंडं किंवा मुगाचं धिरडं, रात्री पनीर नाहीतर दह्याची मोठी वाटी.

आणि आज्या. माझी आजी जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, कळशी कमरेवर घेऊन घरी यायची. तो व्यायाम नव्हता तर काय होतं? तरी शेवटी ती इतकी वाकली की देवघरातल्या फळीवरचा डबा तिला काढता येईना. सगळे म्हणायचे वय झालं. मणके दबून पिचले की पाठ अशी वाकते, उंची कमी होते, पण तिचा एक्सरे कोणी काढलाच नाही.

काल आईने डंबेल्स बाहेर काढले. दहापैकी सहा वेळा हात न टेकता उठली, आठवड्यापूर्वी नऊ वेळा उठत होती. मावशीला फोन केला, म्हटलं तूही डेक्सा करून घे, मी नेते तुला शनिवारी.