लाकूड त्याचं, कागद तिचे

फ्रान्सच्या खेड्यात जाऊन राहिलेल्या ब्रिटिश जोडप्यांचं चित्र ठरलेलं असतं. दगडी घर, खिडक्यांना निळ्या लाकडी झडपा, आठवडी बाजारातलं चीज, संध्याकाळची वाइन. दोर्दोन्य, शारांत, लिमुझँ, ब्रिटनीचा आतला भाग, इथे असं घर लंडनमधल्या एका खोलीच्या फ्लॅटपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं, हे खरंच आहे. आणि तिथला संसार एकटेपणामुळे किंवा फ्रेंच व्याकरणामुळे मोडतो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माझ्या मते गाडं अडतं ते दोघांतल्या कामाच्या वाटणीमुळे.

बहुतेक घरांत ही वाटणी आपोआप पडते. एक जण घर सांभाळतो: लाकूड, शेगडी, टाकी, भिंती. दुसरा कागद सांभाळतो: फोन, सरकारी संकेतस्थळं, कर, डॉक्टर, कारण त्याला किंवा तिला फ्रेंच बरं येतं. पाच-सात वर्षं हे छान चालतं. मग एकाला पक्षाघात होतो, किंवा एक जातो, आणि उरलेल्याला एक तर शेगडी पेटवता येत नाही, नाही तर विजेच्या कंपनीशी बोलता येत नाही. साठी-पासष्टीत तिकडे जाणाऱ्यांनी ही वेळ येणारच असं धरून चालावं.

आधी घराची बाजू. तिथली जुनी घरं लिमुझँमध्ये ग्रॅनाइटची, दोर्दोन्यमध्ये चुनखडीच्या दगडाची. भिंती साधारण ६० ते ८० सेंटिमीटर जाड, पायात ओल अडवणारा थर नाही. जमिनीतली ओल वर चढते आणि भिंतीतून हवेत निघून जाते, हीच त्या भिंतीची रीत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती अशाच वागतात. इंग्लंडहून आलेला माणूस पहिल्याच वर्षी काय करतो? आतून सिमेंटचा गिलावा, खाली काँक्रीटची जमीन, वरून प्लास्टिकसारखा रंग. ओलीला बाहेर पडायला जागाच उरत नाही. ती आणखी वर चढते, दोन हिवाळ्यांत गिलाव्याला फुगे येतात आणि तुळईची भिंतीतली टोकं कुजायला लागतात. मग ओल मारणारी औषधं आणि पंखे, नुसता खर्च.

उपाय मेहनतीचा आहे, पण अवघड नाही. सिमेंट खरवडून काढायचं, भिंत काही महिने उघडी ठेवायची आणि मग चुन्याचा गिलावा करायचा. पोत्यावर ‘एनएचएल’ (नैसर्गिक, पाण्याने घट्ट होणारा चुना) ही तीन अक्षरं हवीत. नुसतं ‘एचएल’ असेल तर त्यात सिमेंट मिसळलेलं असू शकतं. मऊ चुनखडीच्या दगडाला २ क्रमांकाचा, ग्रॅनाइटला ३.५ चा. ५ क्रमांकाचा चुना मऊ दगडाला फार कडक पडतो; तिथे गिलावा टिकतो आणि दगड झिजतो. प्रमाण एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू. भिंत आदल्या दिवशी आणि लावण्याआधी भिजवायची. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढायचं नाही, कडक उन्हातही नाही, आणि नंतरचे काही दिवस हलकं पाणी मारत राहायचं. हे न केल्यामुळे गिलावा भुसभुशीत होऊन गळतो आणि दोष चुन्याच्या माथी जातो.

लाकूड स्तेरमध्ये विकतात. एक मीटर लांबीच्या ओंडक्यांची एक मीटर रुंद, एक मीटर उंच रास म्हणजे एक स्तेर. तेच लाकूड ५० सेंटिमीटरचे तुकडे करून रचलं तर रास ०.८ घनमीटर भरते आणि ३३ सेंटिमीटरचे केले तर ०.७. तुकडे घट्ट बसतात म्हणून जागा कमी लागते. लाकूड तेवढंच असतं. ‘आम्हाला फसवलं’ ही नवख्यांची तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरूनच असते. जाड भिंतींचं घर एकट्या लाकडावर उबदार ठेवायचं तर हिवाळ्याला ८-१० स्तेर सहज जातात.

लाकूड ओक किंवा हॉर्नबीमचं घ्यावं. चेस्टनट त्या भागात मुबलक आणि स्वस्त, पण ठिणग्या उडवतं, उघड्या चुलीत नकोच. ओक फोडून दीड-दोन वर्षं वाळवावा लागतो. रास जमिनीवर नाही, पॅलेटवर. झाकण फक्त वरून, बाजू वाऱ्याला मोकळ्या. सगळी रास ताडपत्रीत गुंडाळली की आत बुरशी धरते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचायचं आणि आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. बाहेरच्या सालीवर मोजलेला आकडा नेहमीच सुखावणारा असतो.

ओलं लाकूड जाळलं की बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि धुराड्यात डांबर साचतं. त्यातच जुन्या रुंद धुराड्यात आतली स्टीलची नळी न घालता नवी शेगडी बसवली, तर धूर वर जाताना गार होतो आणि डांबर झपाट्याने धरतं. त्या डांबराला आग लागली की छपरापर्यंत जाते. म्हणून धुराडं वर्षातून किमान एकदा व्यावसायिकाकडून साफ करून घेणं २०२३ पासून देशभर सक्तीचं आहे, काही ठिकाणी स्थानिक नियमाने दोनदा. स्वतः ब्रश फिरवलात तर घर स्वच्छ राहील, पण आग लागल्यावर विमा कंपनी प्रमाणपत्र मागेल. लाकडाचं काम इथे कागदाच्या खात्यात शिरतं आणि नेमकं तेच प्रमाणपत्र ‘मला वाटलं तू ठेवलंस’ या सदरात हरवतं.

सेप्टिक टँकचंही तेच. गावाबाहेरच्या घरांना सार्वजनिक गटार नसतं, आणि या टाक्यांवर ‘स्पांक’ नावाची स्थानिक सेवा देखरेख करते. घर विकताना तिचा ३ वर्षांच्या आतला तपासणी अहवाल लागतो. टाकी नियमात बसत नसेल तर दुरुस्तीसाठी नव्या मालकाला खरेदीपासून एक वर्ष मिळतं. म्हणजे भाव करताना नवी टाकी आणि निचऱ्याच्या नळ्यांचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. तो काही हजार युरोंत जातो.

वापराचे नियम साधे: ब्लीच जपून, ओले वाइप्स कधीच नाही, तळणीचं तेल नाही, पावळीचं पाणी टाकीत जोडायचं नाही. गाळ टाकीच्या निम्म्यापर्यंत आला की उपसायचा, साधारण चार वर्षांनी. उपसल्यावर टाकी लगेच साध्या पाण्याने भरायची, नाही तर पावसाळी दिवसांत भूजल वर आलं की प्लास्टिकची रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते. टाकीपुढे गाळणी असेल तर ती वर्षातून एकदा धुवायची. निचऱ्याच्या नळ्या जिथे पुरल्या आहेत त्या हिरवळीवर गाडी उभी करायची नाही, झाड लावायचं नाही. पाहुणे आले की गाडी नेमकी तिथेच लागते. घरात वास येत असेल तर टाकी भरली असं गृहीत धरू नका. छपराच्या वर जाणारी हवेची नळी आहे का ते आधी बघा.

विजेत गोम अशी की फ्रान्समध्ये तुम्ही किती वीज वापरता याच्या जोडीला एका वेळी किती ओढता याचाही करार असतो, ६ केव्हीए, ९ केव्हीए असा. ६ वर असताना इंग्लंडहून आणलेली ३ किलोवॅटची किटली, अडीचचं ओव्हन आणि दोनचा गिझर एकदम लागले की मीटर पुरवठा तोडतो. ब्रिटनमध्ये सर्रास असणारा साडेआठ-नऊ किलोवॅटचा विजेचा शॉवर तर विसराच. लाकडाची शेगडी असलेल्या घराला ‘टेंपो’ हा दर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वर्षातले ३०० दिवस निळे आणि स्वस्त, ४३ पांढरे, २२ लाल. लाल दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्च याच काळात, शनिवार-रविवारी कधीच नाही, आणि त्या दिवशी सकाळी ६ ते रात्री १० वीज कित्येक पट महाग. रंग आदल्या दिवशी कळतो. लाल दिवशी शेगडी पेटवायची, कपडे आणि भांडी रात्री १० नंतर. पण रंगाचा निरोप एकाच्याच फोनवर येत असेल आणि दुसरा सकाळी हीटर लावून बसला, तर सगळी बचत गेली.

आता कागद. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहायला गेलेल्यांना ब्रेक्झिट कराराखालचं निवासपत्र मिळालं, पाच वर्षांनी कायमस्वरूपी आणि कामाच्या हक्कासह. त्यानंतर जाणाऱ्यांना दीर्घ मुदतीचा ‘पाहुणा’ व्हिसा लागतो: पुरेसं उत्पन्न, स्वतःचा आरोग्य विमा, फ्रान्समध्ये काम नाही, पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंद, मग नूतनीकरण. व्हिसा नसेल तर १८० दिवसांत ९०. ही कार्डं प्रत्येकाची वेगळी. एकाचं नूतनीकरण झालं म्हणून दुसऱ्याचं होत नाही. हॅरो किंवा लेस्टरमधल्या एखाद्या मराठी घरात असा बेत शिजत असेल तर ब्रिटिश पासपोर्टला हेच नियम. जोडीदाराने भारतीय पासपोर्ट ठेवला असेल तर त्याला ती ९० दिवसांची व्हिसामुक्त मोकळीकही नाही.

ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना ‘एस-१’ पत्र मिळतं. ते फ्रेंच आरोग्य विमा कार्यालयात दिलं की उपचारांचा भार ब्रिटन उचलतं. गावच्या डॉक्टरची फी ३० युरो. आपला डॉक्टर नेमून नोंदवला असेल तर ७० टक्के म्हणजे २१ युरो, त्यातून २ युरो वजा, हाती १९. नोंदवला नसेल तर परतावा ३० टक्क्यांवर येतो, हाती ७. उरलेल्यातला बराच भाग पूरक विमा देतो. नवे रुग्ण घेणारा डॉक्टर मिळणं ही ग्रामीण फ्रान्सची खरी अडचण आहे, म्हणून जागा मिळाली की दोघांची नोंदणी एकदमच उरकावी आणि विम्याचं ऑनलाइन खातं प्रत्येकाचं स्वतःचं असावं.

कर: विवाहित जोडप्याचं विवरणपत्र एकच. फ्रेंच वर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटिश वर्ष एप्रिल ते एप्रिल, त्यामुळे ब्रिटनहून आलेला वार्षिक दाखला जसाच्या तसा उतरवला की आकडा चुकतो. बँकेच्या पुस्तकातून महिन्याचे आकडे काढावे लागतात. ब्रिटनमधलं प्रत्येक बँक खातं ३९१६ क्रमांकाच्या अर्जात दाखवायचं. विसरलेल्या प्रत्येक खात्याला १,५०० युरो दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेलं ‘आयसा’ हे बचत खातं फ्रान्समध्ये करमुक्त नाही, याचा धक्का पुष्कळांना बसतो.

किराण्याबद्दल फार लिहीत नाही. दुपारी १२ ते २ आणि सोमवारी गावात बरंच काही बंद, मेरी म्हणजे ग्रामपालिकेची कचेरी आठवड्यातल्या काही सकाळीच उघडी. फुगणारं तयार पीठ मिळालं नाही तरी अडत नाही. २०० ते २५० ग्रॅम साध्या पिठाला बेकिंग पावडरचं ११ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. बेकन आणि चेडर सामानात आणायला २०२१ पासून बंदी आहे.

सर्वांत कमी बोललं जातं ते मरणाबद्दल, आणि वाटणीचा सर्वांत मोठा फटका तिथेच. एकट्याच्या नावचं बँक खातं मृत्यूनंतर गोठतं. संयुक्त खातं ‘हा किंवा ही’ अशा स्वरूपाचं असेल तर चालू राहतं, ‘हा आणि ही’ असेल तर अडकतं. नवरा-बायकोत वारसा कर नाही. लग्न किंवा नोंदणीकृत भागीदारी न करता राहणाऱ्यांत तो ६० टक्के, आणि दुसऱ्या लग्नातल्या सावत्र मुलांनाही तोच दर. फ्रेंच कायदा मुलांचा वाटा राखून ठेवतो: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. २०१५ पासून मृत्युपत्रात आपल्या देशाचा कायदा निवडता येतो, पण त्याने फक्त वारस कोण ते ठरतं, कर फ्रेंचच राहतो. शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून डावललेली मुलं फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई मागू शकतात. हे सगळं घर घेतानाच नोतेरला, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाला, विचारायचं, कारण खरेदीखतातली काही कलमं नंतर घालता येत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा की वीज, पाणी, विमा, लाकूडवाला, टाकी उपसणारा, सगळे करार दोघांच्या नावावर हवेत आणि वर्षातून दोनदा, आठवडाभर, कामांची अदलाबदल करावी. एकदा जानेवारीत, एकदा मेमध्ये. जानेवारीत शेगडी पेटवावीच लागते आणि मेमध्ये कर-विवरणपत्र भरावंच लागतं. जूनमध्ये अदलाबदल करणारे फक्त गवत कापायला शिकतात.