आमच्या घरातला लांडगा

गेल्या रविवारी सकाळी मी पोहे करत होतो. रविवारचे पोहे आमच्याकडे गेली 22 वर्षं मीच करतो. वरून सेव आणि जीरावन मसाला, पुण्याच्या नातेवाइकांनी खुशाल नाकं मुरडावीत. भाचा ओट्यापाशी येऊन उभा राहिला, कढईकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "मामा, तुम्ही ना एकदम बीटा आहात."

मग त्यानेच मला शिकवलं. अल्फा पुरुष हुकूम सोडतो, बीटा कांदा चिरतो. त्याखेरीज एक सिग्मा असतो, तो एकटाच फिरतो आणि कुणाला विचारत नाही.

हा माझ्या बहिणीचा मुलगा, 18 वर्षांचा. खंडव्याहून इंदूरला आलाय, भंवरकुआंला कोचिंगला जातो आणि रामबागेत आमच्याकडे राहतो. गुणी मुलगा आहे हो. पण आला तेव्हा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून घासायला टाकायचा, आता टाकत नाही.

दोन रात्री त्याच्याच शेजारी बसून मी ते व्हिडिओ बघितले. त्याने आनंदाने दाखवले, लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. सुरुवात झाली होती वजन कसं वाढवायचं इथून. मग जिम, मग लवकर उठा, मोबाइल कमी बघा (हे मोबाइलवरच!), पैसा कमवा. पहिल्या दहा व्हिडिओंत बोट ठेवायला जागा नाही, मीही हेच सांगतो. अकराव्यापासून सूर बदलतो. मुली फक्त पैसा बघतात, बायको कमावती झाली की डोक्यावर बसते, रडतो तो पुरुष नव्हे.

या सगळ्या देशी गुरूंचा आजोबा म्हणजे अँड्र्यू टेट. आधी किकबॉक्सर, मग गाड्या, सिगार आणि बायकांविषयी वाट्टेल ते. 'मी स्त्रीद्वेष्टा आहे' हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. ऑगस्ट 2022 मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने त्याला बाहेर काढलं. डिसेंबरमध्ये रोमानियात अटक झाली. मानवी तस्करी आणि बलात्काराचे आरोप आहेत, तो ते नाकारतो. कोर्टाचं कोर्ट बघेल. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याचा धंदा.

टेटची एक ऑनलाइन 'युनिव्हर्सिटी' होती, महिना 49 डॉलर फी. नवा गडी आणलास की कमिशन. गडी आणायचा कसा, तर टेटचे व्हिडिओ कापून, तुकडे करून सगळीकडे टाकायचे. म्हणजे जगभर जो टेट दिसत होता, त्यातला बराचसा त्याच्या गिऱ्हाइकांनीच पसरवलेला. इंदूरकरांनो, आठवतंय का? आपल्या तरुणपणी संध्याकाळी टाय लावून चहाला यायचे आणि वहीवर गोल काढून 'तुमच्या खाली दोन, त्यांच्या खाली चार' समजावायचे, तेच हे. तेव्हा साबण-पावडर विकायचे, आता मर्दानगी. भाच्यानेही एका देशी 'मेंटॉर'ला 2,999 रुपये दिलेत. आईने फॉर्मसाठी पाठवलेले. हे मला मागाहून कळलं.

आणि हा अल्फा आला कुठून? 1947 साली एका संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. एकमेकांना अनोळखी, कोंडलेले लांडगे, ते भांडणारच. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1970 च्या पुस्तकाने अल्फा घरोघरी नेला. नंतर याच शास्त्रज्ञाने रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि पिल्लं. पुढे जे चालतात ते आई-बाप. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. म्हणजे खरा अल्फा रानात पिल्लांना भरवत असतो. माझ्यासारखाच, फक्त पोहे नाहीत.

गंमत बघा, धनगराच्या पोराने नावारूपाला आणलेलं हे शहर, आणि इथली मुलं लांडगा व्हायला निघालीत. मल्हारराव होळकरांपेक्षा मोठा मर्द या गावाने बघितला असेल तर सांगा. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात एकुलता एक मुलगा खंडेराव गेला. सून सती जायला निघाली, तिला या सासऱ्याने अडवलं. आणि नुसतं अडवून कोपऱ्यात नाही बसवलं, कारभार शिकवला, स्वतः मोहिमेवर असताना पत्रं लिहून तोफा-दारूगोळ्याची कामं तिच्यावर सोपवली. राजवाड्यासमोर आज कुणाचा पुतळा आहे? त्या सुनेचा. मेंटॉरच्या हिशोबाने मल्हारराव बीटाच ठरतील.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. बरोबरच आहे. दिवसभर शिकवणारे, मार्क विचारणारे, रात्री इतिहास सांगणारा मामा. वर्गात शेकडो मुलं, नाव कुणाला ठाऊक नाही, टेस्टमध्ये रँक खाली चाललीय. अशात तो फोनमधला माणूस थेट डोळ्यांत बघून म्हणतो, 'भाई, मुझे पता है तू अकेला है.' घरात हे वाक्य आमच्यापैकी एकानेही उच्चारलं नव्हतं. माझे वडील माझ्याशी ताप आला तरच बोलायचे, आणि मी त्यालाच शिस्त समजत आलो.

परवा रात्री जेवणं उरकल्यावर त्याने हळूच विचारलं, "मामा, मामीचा पगार तुमच्यापेक्षा जास्त आहे, तुम्हाला काही वाटत नाही?"

म्हटलं, वाटायचं रे. माझा लग्नपत्रिकांचा छापखाना. लोक व्हॉट्सॅपवर पत्रिका पाठवू लागले आणि दोन सीझनमध्ये काम निम्म्यावर आलं. मशीनचे हप्ते हिच्या बँकेच्या पगारातून गेले. तेव्हा सहा महिने मी हिच्याशी सरळ बोललो नाही. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलंय. दुकान बंद करून उगाच राजवाड्यापर्यंत चालत जायचो, घरी उशिरा पोचावं म्हणून. एक वाजेपर्यंत सांगत बसलो. तो मोबाइल उलटा ठेवून ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "मग तुम्ही मामीला सॉरी म्हटलं?"

"नाही. राहूनच गेलं."

"मामा, जा ना मग."

आत गेलो तर ती झोपली होती.