पहिल्या क्रमांकाचे कोकण आणि शाळेची श्रेणी : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार, ताई.

शाळांच्या श्रेणीकरणाविरुद्धच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : शिक्षक आणि अधिकारी यांना मोजमाप नकोच असते, म्हणून ते दर वेळी 'परिस्थिती' पुढे करतात, कोकण विभाग दहावीला दरवर्षी, अगदी कठीण गेलेल्या २०१९ मध्येही, राज्यात पहिला येतो, म्हणजे आपल्याकडे मोजण्याला घाबरण्याचे कारण नाही, अमेरिकेत शाळेला ए ते एफ अशी श्रेणी उघडपणे देतात, तशी ती इथेही शाळेच्या दारावर लावावी, आणि केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक) म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने श्रेणीविरुद्ध लिहिणे 'सोयीचे' आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो बोचला आणि काही अंशी खराही आहे. 'शाळासिद्धी' ही शाळांच्या मूल्यमापनाची योजना आली तेव्हा सात क्षेत्रे आणि सेहेचाळीस मानके यांवर प्रत्येक शाळेने स्वतःला तीनपैकी एक स्तर द्यायचा आणि नंतर बाहेरच्या मूल्यमापकांनी तो पडताळायचा, अशी रचना होती. रचना वाईट नव्हती. माझ्या केंद्रातले पहिल्या वर्षीचे तक्ते मात्र एकमेकांच्या नकला वाटावेत इतके सारखे होते, आणि ते तसे आहेत हे दिसत असूनही मी ते पुढे जाऊ दिले. डोंगरउतारावरच्या एका शाळेला सपाट जागाच नव्हती. मुले कबड्डी खेळत ती गावच्या देवळासमोर. त्या शाळेने मैदानाच्या रकान्यात खरे लिहिले आणि ती मागे पडली, तर शेजारच्या शाळेने कातळावरच्या मोकळ्या जागेला मैदान म्हटले आणि ती पुढे गेली. मोजमाप चुकले ते असे, आणि त्यात माझा हात होता. (त्याच सुमारास शाळांना आयएसओचे दर्जा-प्रमाणपत्र मिळवून घेण्याचीही लाट आली होती. भिंती रंगल्या, फलक लागले, वाचता न येणारी मुले होती तिथेच राहिली.) तेव्हा माझा लेख सोयीपोटी लिहिलेला नाही, स्वतः भरून घेतलेल्या तक्त्यांवरचा विश्वास उडाल्याने लिहिलेला आहे.

आता कोकणच्या पहिल्या क्रमांकाविषयी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या दोनच जिल्ह्यांचे हे मंडळ राज्यातील सर्वांत लहान आहे, आणि २०२४ च्या दहावीला त्याचा निकाल ९९.०१ टक्के, तर २०२५ ला ९८.८२ टक्के लागला. अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. परंतु २०१९ आठवून पाहा. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि कोकणचा ९६ वरून ८८.३८ वर. पुढच्या वर्षी हे अंतर्गत गुण परत आले, तेव्हा राज्य ९५.३० वर आणि कोकण ९८.७७ वर गेले. तीन वर्षांत मुले एकदम ढ झाली आणि लगेच हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. तोंडीला अठरा गुण मिळाले की ऐंशी गुणांच्या लेखी परीक्षेत सतरा पुरतात, हे दहावीच्या प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक असते. उत्तीर्णांची टक्केवारी मुलांइतकीच परीक्षेच्या घडणीवरही अवलंबून असते, एवढेच मला त्या लेखात म्हणायचे होते.

तरीही एका गोष्टीत आपण मला पकडले आहे. त्या कठीण वर्षीही कोकण पहिलेच राहिले, आणि राज्याची घसरण बारा टक्क्यांहून अधिक असताना कोकणची आठ टक्क्यांच्या आत राहिली. ही बाब मी लेखात सांगितली नव्हती. ती सांगायला हवी होती. क्रमांकामागे खरे काही आहे. ते शाळांचे किती आणि मुंबईच्या चाकरीवर नजर ठेवून मुलाला दहावीपर्यंत रेटणाऱ्या घरांचे किती, हे मात्र टक्केवारीवरून कळत नाही.

अमेरिकेचे उदाहरण आपण दिलेत, तर ते पुरते पाहू. तिथे २००२ च्या केंद्रीय कायद्याने २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन-गणितात प्रवीण झाले पाहिजे, असे बंधन घातले होते. अटलांटा शहरात २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक-मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांच्या फेरफारात गुंतलेले आढळले, आणि २०१५ मध्ये तो कायदाच बदलावा लागला. आपण म्हणता ती ए ते एफ श्रेणी टेक्सास राज्यात शाळांना २०१९ पासून मिळते. तिच्यात एक गोष्ट घेण्याजोगी आहे : मुलांचे गुण किती, आणि मुले गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे सरकली, या दोहोंपैकी जे अधिक चांगले असेल त्याला सत्तर टक्के वजन, आणि मागास गटांतील मुलांच्या स्थितीला उरलेले तीस. पण तिथेही २०२३ मध्ये उच्च शिक्षण वा नोकरीसाठीच्या सज्जतेच्या निकषावर ए मिळण्याची रेषा ६० वरून ८८ वर नेली, तेव्हा काही शिक्षण जिल्हे (तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) न्यायालयात गेले आणि त्या वर्षीच्या श्रेणी जाहीर व्हायला २०२५ उजाडले.

टेक्सासची शाळा शेकडो मुलांची असते, आणि माझी खरी अडचण इथेच सुरू होते. आपल्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट दहा, बारा, कुठे सात असतो. तिसरीत पाच मुले असली आणि त्यांतले एक परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणले, तर शाळेचा निकाल वीस टक्क्यांनी खाली येतो. पुढच्या वर्षी एखादी चुणचुणीत मुलगी दुसरीतून वर आली की तो तितकाच वर जातो. अशा शाळेच्या दारावर अक्षर लावले, तर ते शाळेविषयी कमी आणि त्या वर्षीच्या योगायोगाविषयी अधिक सांगेल. शिवाय हंगाम आहेच. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले, बंदरांवर कामाला आलेल्या खलाशांची मुले, कर्नाटकातून चिरेखाणींवर येणाऱ्यांची मुले दिवाळीनंतर वर्गात येतात आणि उन्हाळा संपता संपता निघून जातात. त्यांना मराठी वाचायला शिकवणारी शिक्षिका मार्चमध्ये ज्या ठिकाणी पोहोचते, ते ठिकाण श्रेणीच्या तक्त्यात दिसतच नाही. उलट, श्रेणी महत्त्वाची ठरली की अशा मुलांना 'तात्पुरता प्रवेश' म्हणून पटाबाहेर ठेवण्याचा मोह होतो, आणि तो मोह मी जवळून पाहिलेला आहे. घाटावरचा शिक्षक बदली मिळताच गावी जातो आणि शाळा काही महिने एकशिक्षकी होते, त्या शाळेलाही अक्षर तेच लागणार.

आपण विचारता, 'मग गरीब पालकाने शाळा चांगली की वाईट हे ओळखायचे कसे?' हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या लेखात त्याचे उत्तर नव्हते. आता देतो. प्रथम संस्थेचे 'असर' सर्वेक्षण २००५ पासून जी चाचणी घेते ती साधी आहे : अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, यांपैकी मूल कुठपर्यंत वाचते ते समोर बसून पाहायचे. एका मुलाला काही मिनिटे लागतात, आणि कोणताही पालक ती घेऊ शकतो. जुलैत एकदा आणि मार्चमध्ये एकदा ती घेतली, तर शाळेने त्या मुलासाठी काय केले ते दिसते. मग पट पाच असो की पन्नास, कारण तुलना त्या मुलाची त्याच मुलाशी असते. मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार करून रोज तासभर शिकवल्यास ती लवकर पुढे सरकतात, हे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो यांनी प्रथमच्याच वर्गांवर केलेल्या अभ्यासांतून दिसलेले आहे. मोजणे हवे ते अशा गटांसाठी, म्हणजे शब्दांपाशी अडकलेली चार मुले कोणती हे शिक्षकाला ठाऊक व्हावे म्हणून.

आपली मुलगी चौथीत आहे असे आपण लिहिले आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत आपण मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे : वर्षाच्या सुरुवातीला किती मुलांना गोष्ट वाचता येत नव्हती, त्यांपैकी किती आता वाचतात, आणि दिवाळीनंतर आलेली मुले या हिशेबात धरली आहेत का? वर्षारंभीच्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्यांचे गुण शाळेला ऑनलाइन भरावे लागतात, त्यामुळे माहिती नाही असे उत्तर मिळाले तर ते स्वीकारू नये. २०१९ च्या निकालाबाबत आपण दाखवलेली उणीव मूळ लेखात आजच भरून काढली आहे.