‘दुर्बीण टाकू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

सोयाबीनची काढणी सुरू झाल्यापासून आमच्याकडच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय: डॉक्टरनं पोटात दुर्बीण टाकायला सांगितली तर सरळ नकार द्या. दुर्बीण म्हणजे ऑपरेशनच. सोनोग्राफीत सगळं दिसतं. तपासायला आतला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. काविळीला झाडपाला पुरतो. आणि स्टेंट (वाट उघडी राहावी म्हणून आत बसवतात ती बारीक नळी) एकदा बसला की जन्माची चिंता मिटली. मी यवतमाळ जिल्ह्यात एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर आहे. हा मेसेज वाचून पेशंट रांगेतून उठून घरी जाताना बघते, म्हणून लिहिते आहे.

दुर्बीण म्हणजे ऑपरेशन, ही भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या बायांना ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ माहीत आहे ते नसबंदीच्या शिबिरातलं. मध्यंतरी पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, घास घशाखाली उतरत नव्हता. कागदावर अंगठा द्यायची वेळ आली आणि त्यांनी हात मागे घेतला. “माह्यं ऑपरेशन त दुसऱ्या पोराच्या पाठीवरच झालं ना बाई, आता पुन्हा दुर्बीण काऊन?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आपणच कोंबल्या आहेत. नसबंदीची दुर्बीण पोटाला छिद्र पाडून आत जाते, ती लॅपरोस्कोपी. एंडोस्कोपीची नळी तोंडातून जाते. ती करंगळीएवढी जाड असते, आधी घसा बधिर करायला फवारा मारतात आणि नुसती तपासणी असेल तर पाच-दहा मिनिटांत बाहेर येते. कुठे चिरा नाही, टाका नाही. (खर्रा खाऊन तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर आधीच सांगा. नाकातून जाणारी बारीक नळीही असते.)

चिठ्ठीवरचा शब्द लांबलचक असला तर त्याचं शेपूट बघा. ‘स्कोपी’ म्हणजे बघणं, ‘टॉमी’ म्हणजे छेद देणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘स्टॉमी’ म्हणजे नवं तोंड करून देणं. गॅस्ट्रोस्कोपीत जठर आतून बघतात, गॅस्ट्रेक्टॉमीत ते पूर्ण किंवा थोडं काढतात. मात्र ‘एक्टॉमी’ ऐकून प्रत्येक वेळी पोट फाडतील असंही नाही. पॉलिपेक्टॉमीत आतड्यातला कोंब तारेच्या फासात धरून दुर्बिणीतूनच काढतात. म्हणून डॉक्टरांना विचारा, “हे आतूनच करणार की पोट उघडून?”

सोनोग्राफीत सगळं दिसत नाही. तिचा आवाज हवेतून पुढे जात नाही आणि जठर-आतड्यांत हवा असतेच. पित्ताशयातला खडा ती छान दाखवते, जठराच्या अस्तरावरचा व्रण नाही.

तुकड्याचं म्हणाल तर तो दोन-तीन मिलिमीटरचा असतो, तांदळाच्या कणीएवढा. अस्तराला चिमटा घेतलेला पेशंटला बहुधा कळतही नाही. त्यानं कॅन्सर पसरत नाही. आपले लोक येतात तेच उशिरा. आजार आधीच पसरलेला असतो, तो तुकड्यानंतर कळतो आणि दोष तुकड्याला लागतो.

काविळीचं नीट सांगते, कारण इथे जीव जातात. दूषित पाण्यानं होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय गळ्यातल्या माळेला मिळतं. पण पित्तनळीत खडा अडकला असेल तर? अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाला पांढुरकं होतं. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांच्या रंगद्रव्याचे खडे तरुण पोरांच्याही पित्ताशयात होतात. असाच एक पोरगा तीन आठवडे माळ घालून होता. खाजवून खाजवून हातांवर रक्ताच्या रेघा. थंडी वाजून ताप चढला तेव्हा कुठे आणला. ईआरसीपी ठरली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीपर्यंत पोचायचं. कागदावर तिच्या लांबलचक नावात ‘कोलँजिओ’ वाचून वडील घाबरले, म्हणाले पोराच्या हृदयाला काय झालं? ‘कोल’ म्हणजे पित्त, ‘अँजिओ’ म्हणजे नळी, हृदयाचा इथे संबंध नाही. पित्तनळीच्या तोंडाशी आतूनच छोटा छेद दिला. त्याला स्फिंक्टरोटॉमी म्हणतात, १९७४ पासून ती होते आहे. आधी काळा चुरा बाहेर आला, कोळशाच्या भुकटीसारखा, आणि त्यामागून पू मिसळलेलं पित्त.

यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. ईआरसीपीनंतर १०० पैकी साधारण ३ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. म्हणूनच ती नुसतं बघायला करत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी आहे, एमआरसीपी म्हणजे पित्तनळीचा एमआरआय आहे. खर्चाची धास्ती असेल तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आता स्टेंट. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच आहे. हृदयाचा स्टेंट कायमचा राहतो, म्हणून लोक सगळ्याच स्टेंटना तोच न्याय लावतात. पित्तनळीतला प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. मुतखड्यासाठी मूत्रनळीत घातलेला डीजे स्टेंटही ठरलेल्या मुदतीत काढावाच लागतो. राहिला तर पित्तनळीतला तुंबतो, पू होतो. डीजेवर तर नवे खडे चढतात. ज्यांच्या घरी कुणाला स्टेंट घातला आहे त्यांनी आजच डिस्चार्ज कार्ड काढा, स्टेंट कुठला आणि काढायची तारीख कोणती ते बघा. तारीख उलटून गेली असेल आणि दुखत नसेल तरी या.